बाहुली मोठी करणारे थेंब: आधी काय सांगायचं, नंतर काय टाळायचं

डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, तपासायचा तर डॉक्टरांना बाहुलीतूनच आत पाहावं लागतं. उजेडात ही बाहुली साधारण 2 ते 4 मिलिमीटरची असते आणि तपासणीचा झोत पडला की आणखी आवळते. थेंब घातल्यावर ती 7-8 मिलिमीटरपर्यंत उघडते. मग पडद्याची अगदी कडही दिसते. पडद्याला पडलेलं बारीक भोक, मायनस नंबर जास्त असलेल्यांच्या पडद्यावरच्या विरळ जागा, मधुमेहातले रक्तस्रावाचे ठिपके यातलं बरंचसं न उघडलेल्या बाहुलीतून निसटू शकतं.

थेंब डोळ्यात पडायला दोन सेकंद पुरतात आणि त्यात बिघडण्यासारखं फारसं नसतं. जे बिघडतं ते बहुतेक वेळा आधी सांगायची राहून गेलेली गोष्ट, नंतरची घाई आणि घरी पडून राहिलेली बाटली यांमुळे. म्हणून खाली या तीन गोष्टींनाच जास्त जागा दिली आहे.

आधी औषधाचं नाव विचारा

"डोळ्यात ड्रॉप्स घातले" एवढ्यावर काम भागत नाही. या गटातल्या औषधांचा परिणाम चार तासांपासून दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो, त्यामुळे पुढचं सगळं नियोजन नावावर ठरतं.

मोठ्यांच्या नेहमीच्या तपासणीत बहुधा ट्रॉपिकामाइड असतं. 20 ते 30 मिनिटांत बाहुली उघडते आणि 4 ते 6 तासांत बरीचशी मूळपदावर येते, काहींना मात्र दुसरा दिवस उजाडतो. त्याच्या जोडीला अनेकदा फेनिलएफ्रिन असतं. दोघांचं काम वेगळं आहे. ट्रॉपिकामाइड बाहुली आवळणाऱ्या स्नायूला सैल सोडतं, तर फेनिलएफ्रिन बाहुली उघडणाऱ्या स्नायूला ओढायला लावतं. म्हणून दोन्ही मिळून बाहुली चांगली उघडते. फेनिलएफ्रिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे थेंबांनंतर डोळ्याचा पांढरा भाग एकदम स्वच्छ, गोरा दिसतो. हे सौंदर्य फसवं आहे, त्याबद्दल शेवटी.

मुलांच्या चष्म्याचा नंबर काढताना सायक्लोपेंटोलेट वापरतात. त्याचा परिणाम साधारण 24 तासांत ओसरतो. होमॅट्रोपिन एक ते तीन दिवस टिकतं. अ‍ॅट्रोपिन सगळ्यांत चिवट, त्याने 7 ते 14 दिवस जवळचं धूसर दिसू शकतं. गडद बुबुळातलं रंगद्रव्य औषध धरून ठेवतं, त्यामुळे तपकिरी-काळ्या डोळ्यांत बाहुली उघडायला उशीर लागतो आणि आवळायलाही. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाची बाहुली तुमच्या आधी उघडली म्हणून काळजी करू नका.

निघण्यापूर्वीची तयारी

सोबत कुणीतरी हवं, किंवा परतीसाठी दुसऱ्याने चालवायचं वाहन हवं. काळा चष्मा घ्या, आणि पुढे छज्जा असलेली टोपीही, कारण वरून येणारं ऊन चष्म्याच्या वरच्या फटीतून आत घुसतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर लेन्सची डबी आणि नेहमीचा चष्मा बरोबर ठेवा. थेंबांआधी लेन्स काढाव्याच लागतात. थेंबांमधलं टिकवण द्रव्य मऊ लेन्स शोषून घेते आणि मग ते तासन्‌तास डोळ्याला चोळत राहते.

सुरू असलेल्या औषधांची यादी कागदावर लिहून न्या. मोबाइलमध्ये ठेवली तर थेंब घातल्यावर ती तुम्हाला स्वतःलाच वाचता येणार नाही! याच कारणाने एखादं संमतिपत्र, विम्याचा कागद किंवा शस्त्रक्रियेचा खर्च समजून घ्यायचा असेल तर तो थेंबांच्या आधी वाचा. अक्षरं नाचत असताना सही करू नये. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत परीक्षा, मुलाखत, यंत्रावरचं काम, उंचावर चढायचं काम ठेवू नका.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगायच्या गोष्टी

गर्दीच्या दवाखान्यात सगळे प्रश्न विचारले जातीलच असं नाही. सहाय्यक बाटली घेऊन समोर उभा राहिला की डोकं मागे टाकण्याआधी सांगून मोकळं व्हा.

सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा डोळ्याच्या कोनाचा. डोळ्याच्या पुढच्या भागात सतत एक पाणी तयार होतं आणि बुबुळ व पारदर्शक पटल जिथे मिळतात त्या कोपऱ्यातून वाहून जातं. काहींचा हा कोपरा जन्मतःच अरुंद असतो. बाहुली उघडली की बुबुळ कडेला गोळा होतं, कोपरा बंद पडू शकतो, पाणी तुंबतं आणि डोळ्यातला दाब झपाट्याने चढतो. एरवी 10 ते 21 मिलिमीटर पाऱ्याइतका असणारा दाब अशा वेळी 40 च्या वर जाऊ शकतो, आणि काही तासांत नजरेचं कायमचं नुकसान होऊ शकतं. असं क्वचितच घडतं. पण घडलं तर बरेचदा दवाखान्यात घडत नाही. बाहुली अर्धवट उघडी असताना, म्हणजे औषध उतरत असताना धोका जास्त असतो, आणि तोवर माणूस घरी पोचलेला असतो.

प्लस नंबरचा चष्मा, वाढलेलं वय, घरात कुणाला अशा अरुंद कोनाचा काचबिंदू होऊन गेलेला असणं, यांमुळे शक्यता वाढते. "अंधारात बसलं की डोळा दुखतो आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात" अशी तक्रार कधी झाली असेल तर ती जरूर सांगा.

इथे एक गैरसमज मोडायला हवा. काचबिंदू आहे म्हणजे हे थेंब कधीच चालणार नाहीत, असं सरसकट नसतं. औषधाच्या पत्रकावरची सूचना अरुंद कोनाच्या काचबिंदूबद्दल असते. खुल्या कोनाच्या काचबिंदूत डोळ्याच्या मज्जातंतूची स्थिती नीट पाहायला उलट बाहुली उघडावी लागते. अरुंद कोनासाठी लेझरने बुबुळाला छिद्र पाडून घेतलं असेल तर बहुतेकांना थेंब चालतात, निर्णय डॉक्टरांचा. दुसरीकडे, ज्यांचा कोन अरुंद आहे त्यांतल्या बहुतेकांना ते माहीतच नसतं. म्हणून "काचबिंदू आहे का?" या प्रश्नाला "नाही" असं उत्तर मिळालं म्हणजे काम झालं, असं मला वाटत नाही. कोन पाहायलाच हवा.

तो पाहण्याची सोपी रीत टॉर्चची. कानशिलाच्या बाजूने, बुबुळाला समांतर असा टॉर्च धरतात. कोन खोल असेल तर सगळं बुबुळ उजळतं. बुबुळ पुढे फुगलेलं असेल तर नाकाकडच्या अर्ध्या भागावर सावली पडते. सावली दिसली की स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, आणि गरज पडल्यास खास आरशाच्या लेन्सने नीट तपासणी होते. "माझ्या डोळ्याचा कोन पाहिलात का?" हा प्रश्न विचारायला संकोचू नका.

याशिवाय हेही सांगा:

- हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, नुकताच झटका किंवा पक्षाघात. फेनिलएफ्रिन 2.5 आणि 10 टक्के अशा ताकदीत मिळतं. 10 टक्क्यांच्या थेंबाने रक्तदाब एकदम चढल्याची उदाहरणं आहेत, म्हणून अशा रुग्णांत ते टाळतात. नैराश्यावरच्या काही जुन्या प्रकारच्या गोळ्या त्याचा परिणाम वाढवतात.
- प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन. या गोळीने बुबुळ सैल पडतं, बाहुली पुरेशी उघडत नाही आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत अडचण येते. पूर्वी घेतली आणि आता बंद आहे, तरी सांगायचं.
- जुन्या पद्धतीची, बुबुळाला अडकवलेली कृत्रिम लेन्स. बाहुली उघडली तर ती सरकू शकते.
- चाळिशीसाठी किंवा काचबिंदूसाठी पायलोकार्पिनचे, म्हणजे बाहुली आवळणारे, थेंब सुरू असणं.
- आधी कधी अशा थेंबांनी पापण्या सुजल्या, खाज सुटली, चक्कर आली असेल तर ते.
- गर्भारपण किंवा बाळ अंगावर पीत असणं. तपासणी पुढे ढकलता येण्यासारखी असेल तर ढकलतात, नसेल तर कमीत कमी औषधात करतात.
- आकडी येत असेल, किंवा मुलाला डाउन सिंड्रोम असेल तर. अशी मुलं अ‍ॅट्रोपिनला जास्त तीव्र प्रतिसाद देतात.

आणखी एक प्रसंग वेगळा. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या बाहुल्यांवरून मेंदूवरच्या दाबाचा अंदाज घेतात. तो अजून निरीक्षणाखाली असेल तर डोळ्याच्या तपासणीसाठी थेंब घालून ती खूणच पुसायची नसते. आणि थेंब घातल्यावर त्याच दिवशी अपघात झाला तर "सकाळी डोळ्यात थेंब घातले होते" हे तातडीच्या विभागात पहिल्या वाक्यात सांगावं. नाहीतर मोठी, उजेडाला न हलणारी बाहुली बघून सगळ्यांची धावपळ उडते.

थेंबांच्या आधीच उरकायच्या तपासण्या

नजर किती, चष्म्याचा नंबर, बाहुल्या उजेडाला सारख्या आवळतात का, डोळ्यातला दाब आणि कोन. हे सगळं थेंबांआधी. बाहुलीची हालचाल तर नंतर तपासताच येत नाही, आणि ती मज्जातंतूच्या आजाराची मोलाची खूण असते. मोठ्यांच्या चष्म्याचा नंबर बाहुली पूर्ण उघडलेली असताना काढून थेट चष्मा करायला टाकू नये. औषध उतरल्यावर दुसऱ्या दिवशी पडताळून घ्यावा. मुलांचं गणित उलटं. मूल नकळत डोळ्याचा आतला स्नायू ताणून प्लस नंबर लपवतं किंवा खोटा मायनस नंबर दाखवतं. तो स्नायू औषधाने सैल केल्याशिवाय खरा नंबर हाती लागत नाही. चष्म्याच्या दुकानातल्या यंत्रावर, थेंबांशिवाय काढलेल्या लहान मुलाच्या नंबरावर मी तरी विसंबणार नाही.

थेंब घालताना

दवाखान्यात हे काम सहाय्यक करतात. तरी घरी कुणाला घालायची वेळ आली तर क्रम असा.

1. हात साबणाने धुवा. बाटलीवरचं नाव, टक्केवारी, वापराची अंतिम तारीख आणि कोणत्या डोळ्यात घालायचं ते वाचा. सारख्या दिसणाऱ्या बाटल्या घरात असतातच. अनेक कंपन्या या औषधांना लाल टोपण देतात, पण नुसत्या टोपणाच्या रंगावर जाऊ नका.
2. डोकं मागे, नजर छताकडे. खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढली की एक लहानशी खोबण तयार होते. थेंब त्या खोबणीत पडायला हवा, थेट बुबुळावर नको. बुबुळावर जास्त झोंबतो.
3. बाटलीचं टोक पापणीला, केसाला, बोटाला लागू देऊ नका. एकाचा संसर्ग दुसऱ्याला जायचा हा हमरस्ता आहे.
4. एकच थेंब. बाटलीतून येणारा थेंब डोळ्यात मावेल त्याहून मोठाच असतो. दुसरा गालावरून ओघळतो किंवा नाकात उतरतो.
5. डोळा अलगद मिटा, आवळू नका, फडफडवू नका. नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाच्या टोकाने दोन मिनिटं दाब द्या.
6. दुसरं औषध घालायचं असेल तर पाच मिनिटं थांबा, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन नेतं.
7. पुन्हा हात धुवा.

पाचवी पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत कामाची. नाकाकडच्या कोपऱ्यात अश्रू वाहून नेणारी नळी सुरू होते. औषध तिच्यातून नाकात उतरतं आणि तिथल्या नाजूक आवरणातून सरळ रक्तात जातं. थेंबानंतर घशाशी येणारी कडू चव म्हणजे याच वाटेचा पुरावा. ती वाट दोन मिनिटं बंद ठेवली की औषध डोळ्यात जास्त राहतं, अंगात कमी जातं. लहान मूल, वयस्कर माणूस आणि हृदयविकाराचा रुग्ण यांच्याबाबत तर ही पायरी चुकवूच नये.

सातव्या पायरीचंही कारण आहे. मुलाला औषध घालून आईने तोच हात आपल्या डोळ्याला लावला की काही वेळाने तिची एकच बाहुली मोठी दिसू लागते. मेंदूत काही झालं की काय, या धास्तीने घर हादरतं, आणि निघतो औषधाचा हात.

वाट पाहताना आणि परतताना

थेंब काही सेकंद झोंबतो. कधी आधी बधिर करणारा थेंब घालतात. त्यानंतर डोळा चोळायचा नाही, कारण ओरखडा उठला तरी कळत नाही. डोळे मिटून बसलं तर बरं. मोबाइल पाहत राहण्याने औषध बिघडत नाही, पण थोड्या वेळाने तो दिसेनासाच होतो. अर्ध्या तासात बाहुली उघडली नाही तर आणखी एक थेंब घालतात. मधुमेह जुना असेल तर बाहुली हट्टी होते, तेव्हा थोडा धीर धरावा लागतो.

मग डोळे दिपतात आणि जवळचं धूसर होतं. दूरचं अनेकांना बरं दिसतं, आणि फसगत तिथेच होते. "मला तर पाट्या वाचता येतात" म्हणून माणूस गाडीला किल्ली लावतो. पण समोरून येणारा दिवा किंवा ओल्या रस्त्यावरची चकाकी डोळ्यांवर आली की क्षणभर काहीच दिसत नाही. त्या दिवशी दुचाकी-चारचाकी दोन्ही बाजूला ठेवा. रात्रीची तर नकोच. जिना उतरताना कठडा धरा, कारण पायरीची कड नीट कळत नाही. वयस्कर माणसाचा हात कुणीतरी धरावा. गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव आणि इन्शुलिनच्या सिरिंजवरची रेघ दुसऱ्याकडून वाचून घ्या.

लेन्स दुसऱ्या दिवशी घाला. बाहुली लवकर आवळावी म्हणून घरातले पायलोकार्पिनचे थेंब वापरू नका. कोन अरुंद असेल तर त्यांनी गुंता वाढू शकतो. बाहुली लवकर मूळपदावर आणण्यासाठी फेंटोलामाइन 0.75 टक्के या थेंबांना अमेरिकेत 2023 मध्ये मान्यता मिळाली आहे, पण तेही डॉक्टरांनीच घालायचे. बहुतेकांना काळा चष्मा आणि एक निवांत दुपार पुरते.

मुलांसाठी घरी दिलेलं अ‍ॅट्रोपिन

या संपूर्ण विषयात पालकांच्या हाती येणारं सगळ्यांत जोरदार औषध हेच. तिरळेपणा किंवा मोठा प्लस नंबर असलेल्या लहान मुलांना तपासणीआधी साधारण तीन दिवस घरी घालायला देतात.

त्याची ताकद आकड्यांतून पाहा. 1 टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम. 5 मिलिलिटरच्या बाटलीत 50 मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला इंजेक्शनमधून एका वेळी सुमारे अर्धा मिलिग्रॅम देतात, आणि तेवढं औषध या बाटलीच्या एका थेंबात असतं. लहान मुलाने बाटली तोंडाला लावली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून बाटली कुलपात, मुलाच्या दप्तरात किंवा देवळीत नाही.

मलम दिलं असेल तर तांदळाच्या दाण्याएवढं, खालच्या पापणीच्या आत. दिवसातून किती वेळा, ते चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे. घरात एकाच माणसाने हे काम अंगावर घ्यावं आणि प्रत्येक वेळी कागदावर खूण करावी. आईने घातलं आणि बाबांनीही घातलं, असं सहज होतं. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घालू नका. तपासणीच्या दिवशी सकाळी मलम घालायचं का, ते आधी विचारा. मलमाचा थर तपासणीत आड येतो म्हणून अनेक डॉक्टर नको म्हणतात.

मूल डोळे घट्ट मिटून घेत असेल तर ओढाताण करू नका. उताणं झोपवा, मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब सोडा आणि डोळा उघडायला सांगा. उघडल्याबरोबर थेंब आत सरकतो. ओघळलेलं औषध लगेच पुसा, नाहीतर बोटावरून तोंडात जातं.

मुलाला आधीच ताप असेल तर औषध सुरू करण्याआधी फोन करा. अ‍ॅट्रोपिनने घाम आटतो आणि अंग तापतं, त्यामुळे कुठला ताप कशाचा ते कळेनासं होतं. शाळेतल्या बाईंनाही एक चिठ्ठी द्या, की पुढचे काही दिवस पुस्तकातलं दिसणार नाही आणि मैदानावर टोपी हवी.

मुलांचा मायनस नंबर वाढू नये म्हणून रोज रात्री घालायला देतात ते 0.01 किंवा 0.05 टक्क्यांचं अ‍ॅट्रोपिन वेगळं. नाव तेच असलं तरी तपासणीसाठीचं 1 टक्क्याचं त्याहून 100 किंवा 20 पट तीव्र आहे. एकाच्या जागी दुसरं आलेलं नाही ना, हे औषध हातात घेताना दुकानातच पाहा.

केव्हा धावायचं

चेहरा लाल, कातडी कोरडी आणि गरम, तोंडाला कोरड, नाडी वेगात, मूल चिडचिडं किंवा असंबद्ध बडबडतंय, नसलेल्या वस्तू धरायला हात पुढे करतंय. धोतऱ्याचं बी खाल्लेल्या माणसाची लक्षणंही हीच, कारण त्यातही अ‍ॅट्रोपिन असतं. औषध थांबवा आणि लगेच रुग्णालय गाठा. सायक्लोपेंटोलेटनंतर काही मुलं नुसतीच पेंगुळतात किंवा तोल जाऊन चालतात. तेही डॉक्टरांना कळवा आणि मुलाला एकटं सोडू नका. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना सौम्य केलेले थेंब घालतात. तपासणीनंतर बाळाचं दूध पिणं, श्वास आणि पोट फुगणं यांवर त्या दिवशी नजर ठेवावी लागते.

मोठ्यांमध्ये डोळ्यात कळ, त्याच बाजूचं डोकं ठणकणं, उलटी, लाल डोळा, दिव्याभोवती रंगीत कडी हे एकत्र आलं तर सकाळची वाट पाहू नका. उलटी आणि डोकेदुखी बघून पित्त झालं असं समजून गोळी घेऊन झोपणारे असतात, आणि त्या रात्रीतच डोळ्याचं नुकसान होऊन जातं. छातीत दुखणं, धडधड किंवा तीव्र डोकेदुखी दवाखान्यातच जाणवली तर तिथल्या तिथे सांगा.

पापण्यांना खाज आणि सूज एवढंच असेल तर बहुधा ॲलर्जी. घाबरायचं कारण नाही, पण औषधाचं नाव लिहून ठेवा आणि पुढच्या तपासणीत दाखवा.

उरलेली बाटली

फेनिलएफ्रिनने डोळा पांढराशुभ्र होतो हे एकदा कळलं की उरलेली बाटली "डोळे आल्यावर" किंवा लग्नसमारंभाच्या आदल्या दिवशी बाहेर निघते. परिणाम उतरला की लाली बरेचदा आधीपेक्षा वाढून परत येते. दुखणाऱ्या लाल डोळ्यात तर आजारच झाकला जातो. तपासणीसाठी दिलेली बाटली तपासणी झाली की संपली असं समजा. डॉक्टरांनी पुढे लागेल म्हणून ठेवायला सांगितली असेल तर तिच्यावर उघडल्याची तारीख लिहा आणि बहुतेक औषधांप्रमाणे 4 आठवड्यांनंतर वापरू नका. टाकताना उघडी बाटली कचऱ्यात फेकू नका. टोपण घट्ट लावून, कागदात गुंडाळून, मुलांचा हात पोचणार नाही अशा डब्यात टाका, किंवा औषधाच्या दुकानात जुनी औषधं परत घेत असतील तर तिथे द्या. आणि कुणी ती प्यायलीच, तर ओकारी काढत बसू नका. किती उरली आहे ते पाहा आणि बाटली बरोबर घेऊनच रुग्णालयात जा.